बुटाला लागलेलं शेत

मिरजेच्या स्टेशनात छोटी गाडी उभी होती. तिच्याकडे बघून पोचवायला आलेली माझी बायको म्हणाली, "ही तुम्हाला नेणार का तुम्ही हिला नेणार?" छोट्या रुळांवरची ही गाडी कुर्डुवाडीपर्यंत जाते, पण कुणावर उपकार केल्यासारखी जाते. चढ आला की इंजिन विचारात पडतं. तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरून पाय मोकळे करतात, शेंगा विकत घेतात आणि चालत्या गाडीत पुन्हा चढून बसतात.

मी चष्मेवाला. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरण्यात उभा जन्म गेला. आपल्याही डोळ्यांना काही दाखवावं म्हणून वर्षातून एकदा दुकानाला कुलूप घालतो. या खेपेला धाकट्या बहिणीकडे, सोलापूरला निघालो होतो. भाद्रपद सरत आला होता आणि गणपती पाण्यात गेले होते. गिऱ्हाइकंही बहुधा त्यांच्याबरोबरच गेली होती. निघताना बायकोनं बजावलं, "नवे बूट घालू नका." मी नवे बूट घातले. त्या बुटांचं पुढे काय झालं, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

सांगोल्यापर्यंत रान तांबूस, खडकाळ, ओळखीचं होतं. पंढरपूरला गाडीनं दम खाल्ला, मी भजी खाल्ली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसलो आणि मोहोळ मागं पडल्यावर खिडकीतून जे दिसलं त्यानं मी हातातली शेंग तोंडात घालायची विसरलो. सगळं काळं होतं. नुसतं काळं नव्हे, ओलं काळं, नांगरून-कुळवून गुळगुळीत केलेलं, आभाळाला टेकेपर्यंत पसरलेलं. आणि त्यावर काही म्हणजे काही उगवलेलं नव्हतं. पावसाळा अंगावर असताना एवढं रान उघडं. मोठ्या दुष्काळाला चार-पाच वर्षं झाली होती, तरी माझ्या मनात तोच आला.

समोर एक पटकेवाले आजोबा बसले होते. मी विचारलं, "पाहुणे, पीक कुठं आहे?"

"येतंय की."

"कधी?"

"पेरल्यावर."

डब्यात हशा पिकला. मग आजोबांनाच माझी दया आली. "आमच्यात पावसाळ्यात रान मोकळं ठेवत्यात. त्येला पानी पिऊ द्यायचं. पाऊस सरायला आला की जोंधळा पेरायचा. थंडीत बगाया या, मानूस दिसनार न्हाय रानात." मी मान डोलावली आणि ऐकलेलं लगेच विसरूनही गेलो. माणूस प्रवासात मिळालेलं ज्ञान सामानाबरोबर फलाटावर उतरवत नाही, हा माझा अनुभव आहे.

सोलापूर स्टेशनावर मेव्हणे घ्यायला आले होते. मधुकरराव रत्नागिरीकडचे, अंगानं काटकुळे, बोलण्यात मोजके. सरकारच्या जमीन वाचवण्याच्या खात्यात ते नकाशे करतात. माझ्या बहिणीनं, सुमननं, त्या संध्याकाळी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. ती कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि दगडासारखी टिकते. चटणी खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा सुमन म्हणाली, "दादा, भावाला बहिणीची एवढी आठवण येत होती होय?"

दुसऱ्या दिवशी मी मधुकररावांच्या कचेरीत गेलो. नकाशे बघायचे असा बहाणा होता. खरं म्हणजे त्यांच्याकडे एक भिंगाचं यंत्र आहे असं कळलं होतं, आणि भिंग म्हटलं की मला राहवत नाही.

यंत्र साधं. चार पाय, वर दोन भिंगं, खाली विमानातून घेतलेले दोन फोटो शेजारी शेजारी. हे फोटो पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद असतात आणि ती पेटी उघडताना मधुकररावांचा चेहरा गाभाऱ्यात शिरल्यासारखा होतो. मी डोळे लावले. आधी दोन चपटे करडे कागद दिसले. मधुकररावांनी एक फोटो किंचित सरकवला आणि एकाएकी खालची जमीन उठून उभी राहिली. टेकड्या डोळ्यांत घुसतील अशा वर आल्या, ओढे खोल गेले, झाडं लोकरीच्या गुंड्यांसारखी उभी झाली. मी मान मागं घेतली. टेकडी नाकाला लागेल असंच वाटलं. मी आयुष्यभर लोकांना जवळचं आणि लांबचं दाखवलं. वरचं कुणाला दाखवलं नव्हतं. पक्ष्याला काय दिसत असेल ते मला, मिरजेच्या चष्मेवाल्याला, खुर्चीत बसून दिसत होतं. मी इतका वेळ वाकून राहिलो की कचेरीतल्या शिपायानं मला दोनदा ओलांडून चहा दिला.

यानंतर मधुकररावांनी आपला खरा खेळ दाखवला. काचेचं टेबल, काचेखाली दिवा. त्यावर जिल्ह्याचा एक पारदर्शक कागद ठेवला. त्यावर शिसपेन्सिलीनं हलकी छाया होती. जिथे उतार जास्त, तिथे छाया. त्यावर दुसरा कागद. जिथली माती पाण्याबरोबर लवकर निघते, तिथे छाया. त्यावर तिसरा कागद, पांघरुणाचा. जिथे जमिनीवर पीक नाही, गवत नाही, तिथे छाया. तीन कागद बरोबर एकावर एक बसले, खाली दिवा लागला, आणि जिथे तिन्ही छाया एकमेकींवर पडल्या तिथे नकाशा काळाकुट्ट झाला.

"जिथे काळं, तिथली जमीन वाहून जायची भीती जास्त," मधुकरराव म्हणाले. "बांध घालायचं काम तिथून सुरू होणार. परदेशात म्हणे आता हे यंत्र करतं. नकाशाचे आकडे करायचे आणि यंत्रात घालायचे. आमच्याकडे यंत्र म्हणजे मी आणि हा दिवा."

उत्तरेकडच्या मुरमाड टेकड्या काळ्या झाल्या होत्या. दक्षिणेला, मंद्रूपच्या बाजूला, तिसरी छाया नव्हती म्हणून कागद त्यामानानं उजळला होता. अशी देखणी वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. साहेबांनी तिचं फार कौतुक केलं होतं आणि सोमवारी ती वर जायची होती. मधुकररावांच्या नोकरीतलं हे सर्वांत मोठं काम.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "सायेब हाईत का?"

मधुकररावांनी डोळे मिटले. "मल्लव्वा, पुन्हा आलात?"

आत आली ती पन्नाशीची बाई. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात फडक्यात बांधलेला डबा. नवरा सोलापुरात गिरणीत होता, मंद्रूपपलीकडचं शेत ती एकटी बघायची. नवऱ्याचा डबा घेऊन आली की कचेरीत डोकावल्याशिवाय जात नसे.

"न येऊन सांगू कुनाला," ती म्हणाली. "घळ काय तुमच्यासारकी रजेवर जाती व्हय?" घळ म्हणजे पाण्यानं जमीन कापत आणलेला खोल चर. तो दर पावसाळ्यात मागं सरकतो, म्हणजे शेतात पुढं येतो. "आता धावंजवळ आलीया. बैल फिरवाया जागा ऱ्हायली न्हाय. धाव गेली की हीर असून नसल्यागत." विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उतरत्या वाटेनं जातात ती धाव. ती तुटली तर पाणी विहिरीतच राहणार आणि मल्लव्वाची मिरची, वांगी, उन्हाळ्यातला चारा सगळं संपणार.

मधुकररावांनी तिला नकाशा दाखवला. "हे बघा, हे तुमचं शेत. उजळ आहे. म्हणजे धोका कमी. आधी काळ्या जागा घ्यायच्या, मग तुमचा नंबर."

मल्लव्वानं त्या उजेडावर बोट ठेवलं. "हितं माजं शेत बरं हाय म्हनता?"

"नकाशात तसं आहे."

"मग हितंच एक खोली बांदून द्या मला. मी हितंच ऱ्हाते."

मला हसू आवरेना. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "हे कोन?"

"बायकोचे भाऊ. मिरजेहून आलेत."

"मग तुमी तरी चला अण्णा. ह्ये पावसाळ्यात येत न्हाईत आनि उनाळ्यात घळ गप पडलेली असती."

आता खरी गोष्ट सांगतो. मला घळीबद्दल काही वाटलं म्हणून मी तिची बाजू घेतली असं नाही. कचेरीच्या आवारात जीप उभी होती आणि मी आयुष्यात जीपमध्ये बसलो नव्हतो. मी मधुकररावांना म्हणालो, "उद्या जाऊन येऊ."

"पावसाळ्यात आम्ही जीप नेत नाही. काळ्या रानात गेलेली जीप दिवाळीला निघते."

"मग पावसाळ्यात तुम्ही काय करता?"

"नकाशे करतो."

"शेत न बघता?"

"हिवाळ्यात बघून ठेवलेलं असतं."

मी घरी जाऊन सुमनपुढे असं नाटक वठवलं, मल्लव्वाचं सबंध भाषण हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं, की रात्रीच्या जेवणाला मधुकररावांना माझ्याबरोबर मल्लव्वाही ताटावर बसल्यासारखी वाटली असावी. सकाळी ते मुकाट्यानं पेटी आणि यंत्र घेऊन जीपमध्ये बसले. जीपचा चालक चाँदभाई. त्यानं आभाळाकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाने को जाएंगे साब, आने का वादा मैं नै करता."

मंद्रूपला बाजाराचा दिवस होता. आम्ही एका खानावळीच्या बाकड्यावर बसून हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची गूळ घातलेली पातळ पेज) प्यायलो. भोवती मिरच्यांचे ढीग, दोऱ्यांची भेंडोळी, एकाच वाक्यात मराठीतून सुरू होऊन कानडीत संपणारी घासाघीस. खानावळीवाल्यानं विचारलं, "पुडं कुटं?" मधुकररावांनी गाव सांगितलं. तो जीपकडे बघून म्हणाला, "बैल हाईत का संगं?" आम्हाला ती थट्टा वाटली.

सडक सोडून थोडं गेलो आणि जीप बसली. अगदी म्हैस बसते तशी, सावकाश आणि पुन्हा न उठण्याच्या तयारीनं. चाँदभाईनं इंजिन बंद केलं, बिडी पेटवली. आम्ही पेटी आणि यंत्र डोक्यावर घेऊन चालू लागलो.

काळ्या मातीत चालणं हा वेगळाच अनुभव आहे. पहिल्या पावलाला माती चिकटते. दुसऱ्या पावलाला ती माती आपल्या जातीची आणखी माती बोलावते. थोड्या वेळात माझ्या पायात बूट नव्हते, दोन जाती होती. दळायची जाती. मी माणसापेक्षा उंच झालो होतो आणि राजासारखा डुलत चाललो होतो.

शेताच्या कडेला निंबाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला एक खुरपं टांगलं होतं आणि खाली मल्लव्वा उभी होती. "बर्री, बर्री (या, या). आला की." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "ही वाटंवरची माती. आत घिऊन चला, हरकत न्हाय. जाताना मातूर हितली माती हितंच झाडून जायचं."

मला कळलं नाही. तिनं समजावलं. तिच्या वस्तीवर रीत होती. शेतातून बाहेर पडताना बांधावर थांबायचं आणि खुरप्यानं पायाची माती खरडून शेतातच टाकायची. माणसानं आपली, मग बैलाच्या खुरांची, मग कुळवाच्या पासेची, म्हणजे पात्याची. पाहुणा असला तरी सुटका नाही. सोयरिकीला आलेल्या व्याह्याचे जोडेसुद्धा या झाडाखाली खरडले होते. "लग्न झालं का?" मी विचारलं. "झालं की. जोडे सोच्च घिऊन गेला, तक्रार कशाची करतो."

विहिरीजवळ मोटेचं पाणी पडतं ते थारोळं, म्हणजे दगडी हौद. त्याच्या कडेवर मधुकररावांनी यंत्र मांडलं आणि याच शेताचे दोन फोटो लावले. मी अर्थातच आधी डोळे लावले. विहीर उठून दिसली. निंब दिसला. आम्ही उभे होतो तीच जागा मी वरून बघत होतो, आणि आपणच आपल्याला आता खाली दिसू अशा विचारानं अंगावर काटा आला. शेतावर दाट, मऊ, मखमलीसारखी लव होती. मल्लव्वालाही बघायला दिलं. तिनं आधी एक डोळा लावला, मग दोन्ही.

"जोंधळा लई झाक आलाय," ती म्हणाली. "ही माजी हीर. आनि हा माळा, पाखरं राकायला बांदलेला. अगं बाई, माजा नवरा दिसतो का बगू द्या."

मी पुन्हा डोळे लावले. मखमल. डोळे काढले. समोर उघडी, काळी, कुळवलेली जमीन, एक काडी नाही. पुन्हा लावले. मखमल. चष्मेवाल्याला अशा वेळी एकच शंका येते. मी धोतराच्या सोग्यानं दोन्ही भिंगं पुसली. "मधुकरराव, तुमच्या यंत्रात पीक आहे आणि इथे नाही. भिंग बदलून देऊ का?"

मी थट्टा केली होती. पण ते हसले नाहीत. त्यांनी यंत्रात पाहिलं. मग शेताकडे. मग चारी बाजूंना, आभाळाला टेकलेल्या त्या उघड्या रानाकडे. मला गाडीतले आजोबा आठवले आणि मी त्यांचं वाक्य म्हणून दाखवलं. पावसाळ्यात रान मोकळं, थंडीत माणूस दिसणार नाही एवढी ज्वारी.

"फोटो थंडीतच काढतात," मधुकरराव हळू बोलले. "आभाळ निरभ्र असतं. मी फोटोत पीक पाहिलं आणि पांघरुणाच्या कागदावर जागा कोरी ठेवली. अण्णा, ज्वारी थंडीत येते हे मला पाठ आहे. फोटो थंडीत काढतात हेही पाठ आहे. दोन्ही पाठ मी कधी एकत्र म्हटले नाहीत. आमच्या कोकणात पावसात शेत मोकळं दिसलं तर घरात कुणी गेलं की काय विचारतात. आणि पावसाळ्यात आम्ही इकडे फिरकतच नाही, जीप बसते म्हणून." ते थारोळ्याच्या कडेवर बसले. "पाऊस येतो तेव्हा इथे पांघरूण नसतंच. सबंध दक्षिण नागडी असते."

मल्लव्वाला यातलं काय कळलं कोण जाणे. ती आभाळाकडे बघत होती. "पेटी झाका सायेब," ती म्हणाली. "आलाच."

पाऊस भीमेच्या अंगानं आला. आधी वास, मग आवाज, मग समोरचं रान दिसेनासं झालं. पेटीवर घोंगडी टाकून आम्ही तिघं निंबाखाली उभे राहिलो. थोडा वेळ जमीन नुसतीच पीत होती. मग तिचं पोट भरलं. कुळवलेल्या गुळगुळीत मातीवर पाणी उभं राहिलं, थरथरलं आणि चालायला लागलं. सुताएवढे ओघळ, मग दोरीएवढे, मग मनगटाएवढे. जणू त्या एवढ्या मोठ्या काळ्या जनावराच्या कातडीखालून शिरा फुगून वर आल्या. पाण्याचा रंग कॉफीसारखा, काठावर फेस. सगळे ओघळ एकाच दिशेनं वळत होते.

"चला, दाकवते," मल्लव्वा म्हणाली आणि पावसातच निघाली.

घळीच्या तोंडाशी आम्ही पोचलो. दोन पुरुष उंचीचा सरळ कापलेला कडा होता, आणि सबंध रानाचं पाणी त्यावरून खाली पडत होतं. खाली ते कड्याच्या मुळाशी घुसून कोरत होतं. वरची जमीन पुढं आलेल्या ओठासारखी लोंबत होती. त्या ओठात एक बारीक रेघ उमटली. ती रेघ माझ्या डोळ्यांदेखत रुंद झाली. मग बैलगाडीएवढा तुकडा अजिबात घाई न करता पुढं झुकला आणि खाली बसला. धप्प असा एकच आवाज. क्षणभर तो पाण्यात ढेकूळ म्हणून उभा होता, मग विरघळला आणि ओढ्यानं भीमेकडे निघाला. धावेचा शेवटचा दगड आता काठावर होता.

इतकी जमीन इतक्या शांतपणे जाते हे मला माहीत नव्हतं. मी धडपड, आरडाओरड, काहीतरी तमाशा अपेक्षिला होता. मी स्वतः तमाशाचा माणूस. 

मल्लव्वानं बोट पुढं केलं. "तितं माजी मिरची व्हती. तितनं पुडं वांगी. आनि त्या तितं सासूबाईंनी तुळस लावलेली."

ती समोरच्या हवेत बोट दाखवत होती. कड्याच्या पलीकडे, पावसात, जिथे आता काहीच नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर निघालो. निंबाखाली मल्लव्वानं खुरपं हातात घेतलं आणि मला एक पाय वर करायला सांगितलं. मला तर आता ते चमत्कारिकच वाटलं. "मल्लव्वा, तिकडे गाडीभर गेली आणि इथे चिमूटभर राखता?"

"ती मला इचारून न्हाय गेली अण्णा. तुमी इचारून जाताय की," ती म्हणाली. "पाय धरा नीट."

मी एका पायावर, मधुकररावांचा खांदा धरून, नाचातल्या पोरासारखा उभा राहिलो. तिनं माझे नवे बूट कडेनं, खालून, टाचेजवळून खरडले. साल निघावी तशी माती पडत होती. मधुकररावांनी खुरपं मागून घेतलं आणि स्वतःचे बूट स्वतः खरडले, फार वेळ खरडले. वस्तीवरच्या दोन बैलजोड्यांनी जीप ओढून सडकेला लावली. पुढचे दोन बैल बघून चाँदभाई म्हणाला, "ये गाडी आज पहली बार अच्छी चली."

पुढच्या दिवसांत सोलापूर बघायचं राहूनच गेलं. फोटो घरी न्यायला बंदी, म्हणून मधुकरराव सुटीच्या दिवशीही तिथेच बसले आणि मी डबा पोचवायच्या निमित्तानं जात राहिलो. त्यांनी पांघरुणाचा कागद नव्यानं काढला. हिवाळ्याचा नव्हे, पाऊस पडतो त्या महिन्यांचा. नंतर तिन्ही कागद काचेवर बसवले. दिव्याचं बटण मला लावायला दिलं.

दिवा लागला आणि दक्षिणेला अंधार पसरला. पांढऱ्या कागदावर शाई सांडावी तसा. मंद्रूप गेलं, त्याच्या खालची गावं गेली, नदीकाठ गेला. परवा जिथे मल्लव्वा खोली बांधून मागत होती तिथे आता दाट काळा डाग होता. मी आधीच्या नकाशाला देखणा म्हणालो होतो. हा त्याहून देखणा होता, आणि बघवत नव्हता.

"साहेब काय म्हणतील?" मी विचारलं.

"विचारू नका."

सोमवारी साहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मी बाहेर बाकावर, पण दार उघडं होतं, आणि माझे कान पहिल्यापासून चांगले आहेत. साहेबांनी ज्याची स्तुती चार ठिकाणी केली तो नकाशा चुकला, हे त्यांना मधुकररावांनी एका वाक्यात सांगितलं. 

"चूक कुणाची म्हणून लिहायचं?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

"तसं लिहू नका. लोक वाचत बसतात." कागद सरकल्याचा आवाज आला. "पावसाळी पाहणीनंतरचा सुधारित नकाशा, असं लिहा. आणि पाहणीला नेमकं गेलं कोण?"

"मी. आणि... मिरजेचे एक डोळ्यांचे जाणकार."

मी बाकावर ताठ बसलो.

"अंधार सगळीकडे आहे," साहेब म्हणाले. "सुरुवात कुठून करायची?"

"जिथे घळ विहिरीला टेकलीय तिथून. परतीचा पाऊस अजून यायचाय."

होकार ऐकू आला नाही. पण कागदावर सही करताना टाक जसा कुरकुरतो तसा आवाज आला, आणि मधुकरराव बाहेर येऊन मला म्हणाले, "चला, भजी खाऊ." हा माणूस आपणहून भजी खाऊ म्हणतो, यावरून मी काय ते समजलो.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ बसलो. कुठेकुठे पाभरी (पेरणीची अवजारं) बाहेर निघाल्या होत्या. येताना जे रान मला ओसाड वाटलं होतं त्याच्याकडे आता बघवेना आणि नजरही काढवेना. छोट्या गाडीचं इंजिन चढावर थांबलं तेव्हा सगळे उतरले. मी उतरलो नाही. खाली कुणाचं तरी शेत होतं.

दिवाळीच्या आधी मधुकररावांचं कार्ड आलं. ते बोलतात तसंच लिहितात. "घळीच्या तोंडाशी दगडी बांध पुरा झाला. परतीचा पाऊस जोराचा झाला. बांधामागे माती साठली. धाव शाबूत आहे. मल्लव्वा तुमची आठवण काढते. ती म्हणते, अण्णांचा एक पाय नीट खरडला नव्हता."

मी आतल्या खोलीत गेलो. बूट आल्यापासून पोत्याखाली पडून होते. उचलले. उजव्या बुटाच्या टाचेच्या पुढे, जिथे तळवा वर उचललेला असतो, तिथे सुपारीएवढा काळा गोळा वाळून दगड झाला होता. बायको म्हणाली, "आणा इकडे, मोरीत धुऊन टाकते." मी म्हणालो, "हात लावू नकोस. ही दुसऱ्याची आहे."

चष्म्याच्या डबीत कापूस घातला, त्यात गोळा ठेवला आणि पोस्टात गेलो. पोस्टातला कारकून माझं जुनं गिऱ्हाईक. नाकावरचा चष्मा माझ्याच दुकानातला.

"आत काय आहे?"

"जमीन."

"मग सातबारा जोडा," तो म्हणाला आणि डबी उघडली. ती उघडताना गोळ्याचा कोपरा तुटला आणि टेबलावर काळी कणी सांडली. तो फुंकर मारणार, एवढ्यात मी त्याचा हात धरला. मग मी त्याला सगळं सांगितलं. जीप, मखमल, हवेतलं बोट, एका पायावर उभं राहणं. मागं रांग वाढत होती, पण रांगही ऐकत होती.

सांगून झालं. त्यानं एक कोरा कागद घेतला, त्याच्या कडेनं टेबलावरची कणी न कणी गोळा केली आणि डबीत सोडली. मग चष्मा कपाळावर चढवून टेबलाजवळ वाकला.

"सगळी आली का बघा," तो म्हणाला.

मीही वाकलो. आली होती.